ओल्या विटेवरची अक्षरं

डोळखांबजवळचा पाडा
रविवार, २१ ऑक्टोबर २००१

कुंडलिक गुरुजी यांस,

नमस्कार. पाकिटावरचा पत्ता चौथीतल्या मुलाकडून लिहून घेतला आहे. माझं अक्षर ओळखून तुम्ही पाकीट न फोडता ठेवून द्याल, अशी मला भीती होती. ‘मुरबाड’चा ‘ड’ थोडा लोळला आहे, तो पोस्टमन समजून घेईल.

दोन वर्षांत मी तुम्हाला लिहिलं नाही. आजही जुना वाद उकरून काढायला लिहीत नाही. काम आहे.

लखमाची तानी तुम्हाला आठवत असेल. तुम्ही बदली घेऊन गेलात तेव्हा ती पहिलीत होती आणि तुमच्या पिशवीचा बंद धरून डांबरी रस्त्यापर्यंत आली होती. आता ती तिसरीत आहे. दिवाळी झाली, दुसऱ्यांच्या खळ्यावरचं भात झोडून झालं, की वीटभट्टीवाल्याचा टेम्पो येतो. मग वाडीतली माणसं भांडीकुंडी आणि कोंबड्या घेऊन त्यात चढतात. हे मी तुम्हाला सांगायला नको. गेली दोन वर्षं तानी आजीपाशी मागे राहिली. ती आजी, बाळी, या श्रावणात गेली. यंदा तानीला इथे ठेवायला कोणी नाही. तिची आई सरू हिला धाकट्या गणूला सांभाळायला तीच हवी आहे.

यंदाची भट्टी तुमच्या बाजूला आहे, मुरबाडच्या अलीकडे नदीकाठी. लखमाने खुणा सांगितल्या, त्यावरून ती तुमच्या शाळेपासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. तानीला तुमच्या वर्गात बसवून घ्या, एवढंच मागणं आहे.

ती आत्ता कुठे वाचायला लागली आहे. अक्षरं जुळतात, शब्द सुटतो, पण वाक्याच्या टोकाला पोचेपर्यंत ती सुरुवात विसरते. या टप्प्यावर पावसाळ्यापर्यंत खंड पडला, तर जूनमध्ये माझ्यासमोर पुन्हा कोरी मुलगी उभी राहील. अशा किती मुली पुन्हा कोऱ्या होऊन आल्या, ते आपण दोघांनीही पाहिलं आहे.

तुम्हाला माझ्या मातकामाचा राग आहे, तरी एक सांगते. मागच्या आठवड्यात आम्ही ओढ्याची माती आणली आणि मुलांना म्हटलं, हवं ते करा. कोणी बैल केले, कोणी चूल केली, एकाने केंद्रप्रमुखांची मोटारसायकल केली. तानीने बूड निघालेली खडूची लाकडी पेटी घेतली, आत राख भुरभुरली आणि विटा पाडायला सुरुवात केली. तिच्याबरोबर भट्टीवरची बाकीची मुलंही लागली. दुपारपर्यंत पडवीभर दहा-दहाच्या ओळी लागल्या. शंभर म्हणजे काय, हे फळ्यावर शिकवताना माझी दोन वर्षं गेली होती. त्या दिवशी सगळा वर्ग त्या ओळींच्या कडेकडेने चालत दशक मोजत होता. तुम्ही पाहायला हवं होतं.

उत्तराची वाट पाहते. नाही आलं, तर मी दुसरं पत्र लिहीन. माझी सवय तुम्हाला माहीत आहे.

निर्मला


रविवार, ९ डिसेंबर २००१

कुंडलिक गुरुजी यांस,

हे दुसरं पत्र.

टेम्पो गेला. तानी तांदळाच्या गोणीवर बसली होती आणि माझ्याकडे न बघता गणूचं नाक पुसत होती. मी लखमाला तुमच्या शाळेचं नाव दोनदा सांगितलं. तो ‘हव हव’ म्हणाला. त्याच्या ‘हव हव’चा अर्थ मला अजून नीट कळलेला नाही. तुम्हाला कळत असे.

आता वर्गात माझ्यासमोर अर्धीच मुलं आहेत. तुमची जागा अजून भरलेली नाही. चारही वर्ग मी एकटीच पाहते, म्हणजे एक वर्ग शिकवते आणि तीन वर्गांना गप्प बसवते. जनगणना झाली, पोलिओचे डोस झाले, आता पंचायतीच्या निवडणुकीच्या याद्या आल्या आहेत. मध्ये शहापूरला प्रशिक्षणाला जाऊन आले. ज्या गोष्टीसाठी मी इतकी वर्षं घसा कोरडा केला, तिचं आता परिपत्रक निघालं आहे. मुलांनी आनंदाने कृती करावी, असं त्यात लिहिलं आहे. केंद्रप्रमुख येऊन विचारतात, बाई, आनंदाची नोंद कुठे ठेवलीय? आमच्या प्रशिक्षकांनी आम्हा पन्नाशीच्या बायकांना गोल उभं करून टाळ्या वाजवत बेडकाचं गाणं म्हणायला लावलं. मी म्हटलं. उडीही मारली. परतीच्या जीपमध्ये गुडघा इतका दुखत होता की कोणाशी वाद घालायचं त्राणच उरलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, हे पाहायला मी असायला हवं होतं. असायला हवंच होतं. तुम्ही केलेला बांबूचा तराजू अजून चालतो. त्याचं एक पारडं थोडं जड झालं आहे, म्हणून दुसऱ्याला मी चिंचोका बांधला आहे. पाड्यातल्या कोणाहीपेक्षा चांगले हात तुमचे होते. आणि तुम्हीच शहापूरच्या परिषदेत माझ्या भाषणानंतर उभे राहून म्हणालात, ‘बाईंना मातीची हौस आहे. आमच्या हातांना तिच्यातून सुट्टी पायजे.’ मी माइकवरून जे उत्तर दिलं ते सभागृहाला आवडलं होतं. त्या टाळ्या मला नीट आठवतात. तुमचा चेहरा आठवत नाही, कारण तोवर तुम्ही दाराबाहेर गेला होता.

असो. तानी आली का, एवढं कळवा. एका कार्डावर मावेल इतकंच.

निर्मला


रविवार, ३० डिसेंबर २००१

कुंडलिक गुरुजी यांस,

कार्ड मिळालं. ‘मुलीला बसवतो. माझ्या वर्गात पाटी-पुस्तक आहे, माती नाही. चालत असेल तर कळवा.’ तुम्ही अटी घालायला शिकलात, याचा मला आनंद झाला. इथे असताना तुम्ही नुसते रुसायचात.

आता माझं ऐका. मी माझं म्हणणं सोडलेलं नाही. मूल डोक्याने शिकतं आणि हात नुसते पाटी धरायला असतात, असं मानणाऱ्या शाळांनी या देशात काय घडवलं, ते तुम्ही-आम्ही रोज कचेरीत पाहतो. टेबलाच्या या बाजूला हात जोडून उभी माणसं आणि त्या बाजूला आयुष्यात एक काटकी न मोडलेली माणसं. हाताला आणि डोक्याला वेगळं काढलं ते काही गरिबांनी नाही, ज्यांच्या सोयीचं होतं त्यांनी काढलं. म्हणून मी वर्गात माती आणली, बिया आणल्या, वजनं आणली. ज्या कामाला हलकं म्हटलं जातं ते वर्गाच्या मधोमध आणून ठेवायचं आणि त्यातून गणित काढून दाखवायचं, हे माझं आयुष्यभराचं भांडण आहे. ते मी तुमच्या एका पोस्टकार्डापुढे टाकून देणार नाही. जगातल्या ज्या ज्या शिक्षकांनी यावर लिहिलं त्यांची पुस्तकं माझ्या खोलीत वाळवीशी झुंजत उभी आहेत. हवी तर पाठवते.

हे सगळं लिहून झाल्यावर मी चहा केला. परत येऊन पान वाचलं. सगळं खरं आहे, आणि तानी अजून भट्टीवरच आहे.

चालेल. पाटी-पुस्तक चालेल. तिला बसवा.

निर्मला


रविवार, ३ फेब्रुवारी २००२

कुंडलिक,

‘गुरुजी’ आणि ‘तुम्ही’ लिहिण्याचा आज कंटाळा आला आहे. राग आला तर येऊ दे.

तुझं पत्र मिळालं होतं. तू दोनदा भट्टीवर जाऊन आलास आणि सरूने मुलीला पाठवायला साफ नकार दिला, असं लिहिलंस. शेवटी लिहिलंस, ‘तुम्ही वक्त्या आहात. तुम्ही या.’ त्या वाक्यात टोमणा किती आणि विनंती किती, यावर मी दोन दिवस घालवले. मागच्या रविवारी मी आले होते. तुला कोणीतरी सांगितलंच असेल. एसटी तुझ्या घरावरून गेली, अंगणात तुझे शर्ट वाळत होते. मी उतरले नाही. पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत आले, ते थेट भट्टीवर.

काय झालं ते क्रमाने सांगते, कारण तुला आता काही गोष्टी कराव्या लागणार आहेत.

दुपार झाली होती. माणसं नुकती जेवली होती. मी एका विटांच्या थराशेजारी उभी राहिले आणि बोलले. तुला माहीत आहे मी कशी बोलते. माणसाने दुसऱ्यासाठी घरं बांधायची आणि आपण कच्च्या विटांच्या भोंग्यात, त्या बुटक्या झोपडीत, वाकून शिरायचं, हे किती पिढ्या चालणार, इथून सुरुवात केली. शाळेपर्यंत पोचले. सगळ्यांनी ऐकलं. एका बाईने मध्येच पाणी दिलं. बोलणं संपल्यावर लखमा म्हणाला, “भासन चांगला झाला, बाई. रेडिओवानी. आता बसा, च्या घ्या.”

मी बसले. चहा घेतला. मग सरू बोलली. तिने आवाज चढवला नाही. ती साच्याला राख लावत होती आणि माझ्याकडे बघतही नव्हती.

“बाई, एक इचारू? तुमच्या शालंत माझी पोर काय करते?”

“शिकते.”

“तिनंच सांगलान मना. बाईंनी इटा पाडाया लावल्या. खडूच्या पेटीत.” ती थांबली. “हितं पन माती, शालंत पन माती. मंग शालंत कला धाडू? इटाच पाडायच्या तं माझ्या डोल्यासमोर पाडंल. गणूला तरी बघंल.”

कुंडलिक, मी पंचायत समितीच्या सभापतींना गप्प केलं आहे. त्या बाईसमोर मी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

तुला ऑक्टोबरात लिहिलं तेव्हा एक गोष्ट मी गाळली होती. तानी त्या दिवशी विटा पाडत होती, पण बाकीच्या मुलांसारखी हसत नव्हती. ओळ पूर्ण झाली की ती ओल्या विटांमधून चालायची. मधल्या बोटभर जागेत पाय टाकायची आणि एकीलाही धक्का लावायची नाही. दुसरी पोरं बडबडत होती, ती गप्प. मी तिच्याजवळ गेले, म्हटलं, वा तानी. तिने मान वर केली आणि विचारलं, “बाई, किती पायजे?” मधली सुट्टी झाली, पोरं पळाली, तरी ती उठली नाही. मी पुरे म्हणेपर्यंत ती उठणार नव्हती. मी तिला उठवलं, हात धुवायला लावले आणि त्या रविवारी तुला पत्र लिहायला बसले. त्या पत्रात दशक आले, शंभर आले, तिचं ‘किती पायजे’ एवढंच आलं नाही.

मातीवरचा माझा विश्वास गेला असं समजू नकोस. पण बैल करणारी मुलं आणि तानी एका ओळीत बसली होती, आणि मी दोघांच्या हातात एकच गोळा दिला होता.

मग मी सरूला काय सांगितलं, ते ऐकून तुला हसू येईल. मी तुझी बाजू मांडली. म्हटलं, इथल्या गुरुजींच्या शाळेत माती नाही. तिथं हात धुवून बसायचं, मांडीवर पुस्तक घ्यायचं आणि वाचायचं. ते गुरुजी लहानपणी अशाच भट्टीवर होते, त्यांनीच हा नियम केलाय. इतक्या तळमळीने मी माझी बाजू कधी मांडली नसेल.

सरू म्हणाली, “वाचतंय म्हनता. मना काय ठावं? पोपटावानी बोलत असंल. इद्या येते का नाय ते मी कसा वलखू?”

हे मला कोणी कधी विचारलंच नव्हतं. ज्या आईला अक्षर येत नाही तिने कशावर विश्वास ठेवायचा? माझ्या प्रगतिपुस्तकावर?

मी म्हटलं, “सरू, तुला ठाऊक आहे आणि तानीला ठाऊक नाही, अशी एक गोष्ट माझ्या कानात सांग.”

“कनची?”

“कुठलीही. इथं दुसऱ्या कोणाला ठाऊक नसलेली.”

तानी लांब नदीच्या अंगाला होती, गणूला कमरेवर घेऊन विटा पलटत होती. सरूने पदराने तोंड पुसलं, मागे लखमाकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी आली. ती बोलली आणि स्वतःच लाजली. मी तिच्यासमोरची साच्यातून नुकती काढलेली वीट जवळ ओढली, एक काटकी घेतली आणि लिहिलं. मोठं, सुटं अक्षर. ओली माती अक्षर फार छान धरते, ते तुला सांगायला नको. मग तानीला हाक मारली.

ती आली. “बाई, कडंला सरा, त्यावर पाय पडंल,” हे तिचं पहिलं बोलणं. मग उकिडवी बसली. गणू तिच्या केसांशी खेळत होता. ती विटेला न शिवता वरून बोट फिरवत वाचू लागली. “तां… ब… डी. तांबडी. कों… ब… डी.” आजूबाजूच्या बायका जवळ आल्या. ती थांबली, मागे गेली, पुन्हा निघाली. मला वाटलं, आता सुरुवात विसरणार. विसरली नाही. “तांबडी कोंबडी… रानमांजरानी नाय नेली. मीच इकली.”

मग लखमा जागेवरून उठला. “कोन म्हनतंय? माझ्या आयची तांबडी कोंबडी?”

बायका अशा हसल्या की गणू घाबरून रडायला लागला. “सरे, इटंला तोंड फुटला गो,” एक म्हातारी म्हणाली. लखमा म्हणत होता, “मी त्या रानमांजरासाठी दोन दिस रानात फिरलो.” सरूने तळहाताने विटेवरची अक्षरं पुसून टाकली आणि पदर तोंडात धरून हसत राहिली. हसताना ती तानीकडे बघत होती. आपलं बोलणं आपल्या तोंडून न निघता पोरीच्या तोंडून कसं निघालं, हे तिला अजून पटत नव्हतं.

थोड्या वेळाने तिने वीट पुन्हा साच्यात दाबली आणि विचारलं, “त्या गुरुजींच्या शालंत गणूला पन बसू देतील का?”

मी तुझ्या वतीने हो सांगितलं. तुझी परवानगी घेतली नाही. गणू दोन-अडीच वर्षांचा आहे, वर्गात लुडबुडेल, खडू खाईल, कदाचित आणखीही काही करेल. तुझ्या पाटी-पुस्तकाच्या शाळेत त्याला जागा कर. तानीनंतर तुझ्याकडे माझं हे दुसरंच मागणं. अकरा तारखेच्या सोमवारी त्याला घेऊन ती येईल.

निर्मला


रविवार, ३० जून २००२

कुंडलिक,

मंडळी परत आली. तानी चौथीत बसली. तू दिलेली पुस्तकं तिने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणली, एकालाही डाग नाही. पहिल्याच दिवशी तिने मला एक अख्खा धडा वाचून दाखवला. मध्ये श्वास घ्यायलाही थांबली नाही, जणू थांबली तर मी पुस्तक काढून घेईन. गणू बेचा पाढा अर्धा बोबडा म्हणतो. त्याबद्दल मी तुला काही बोलत नाही.

तानी मातीला हात लावत नाही. परवा बाकीची पोरं आवारातल्या डबक्याला बांध घालत होती आणि ती पायरीवर पुस्तक घेऊन बसली होती. मी म्हटलं, जा खेळ. “गुरुजींनी सांगलंय, शालंत हात सोच्छ,” ती म्हणाली. मी आग्रह केला नाही. पूर्वीची मी असते, तर यावर एक व्याख्यान तयार केलं असतं. आता वाटतं, बसू दे. जेव्हा तिला वाटेल की नुसतं खेळायला माती घ्यावी, तेव्हा ती घेईल. ते तिने ठरवायचं आहे. आपण दोघांनी नाही.

एक नवी गंमत झाली आहे. सरूने ती परीक्षा सोडलेली नाही. भाताच्या आवणीवरून परतताना गुडघ्यापर्यंत चिखलाची ती शाळेच्या दाराशी येऊन उभी राहते, मला बोलावते आणि कानात काहीतरी सांगते. मी फळ्यावर लिहिते. तानी वाचते. ‘आज घोळीची भाजी हाय.’ ‘तुझा बाप जीपवाल्याशी भांडला.’ ‘लाकडा ओली झाली.’ सगळा वर्ग रोज वाट बघतो. इतकी वर्षं मी ज्याला ‘जीवनाशी जोडलेलं वाचन’ म्हणत भाषणं दिली, ते एक बाई माझ्या कानात कुजबुजून रोज करून जाते आणि वर म्हणते, “येते खरी. आज पन आली.”

माझा गुडघा बरा नाही. नवीन शिक्षक अजून नाही.

निर्मला


गुरुवार, २१ नोव्हेंबर २००२

कुंडलिक,

आज सकाळी टेम्पो आला. हे पत्र मी वर्ग सुटल्यासुटल्या लिहीत आहे. उद्याच्या डाकेने निघायला हवं.

महिनाभर मी लखमाला विचारत होते, तानीचं काय? तो ‘हव हव’ म्हणत होता. मी गृहीत धरलं होतं की ती गेल्या वर्षीसारखी तुझ्याकडे येईल. तुला तसं लिहायचंही होतं. पण यंदा नदीकाठची माती संपत आली आहे. त्यामुळे त्यांचा फड मधूनच उठवून पुढे कुठेतरी नेणार, असं भट्टीचा शेठ म्हणाला होता, हे मला आज कळलं. मध्येच उठले तर शाळा बुडणार, हे सरूला माझ्या आधी कळलं होतं.

प्रार्थना नुकतीच झाली होती. सरू दाराशी आली. मला वाटलं, नेहमीचंच असेल. अंगावर धुतलेलं लुगडं होतं, गणू कडेवर होता. ती माझ्या कानाशी आली आणि सलग बोलली, मध्ये थांबली नाही. तिच्या श्वासाला चहाचा वास होता. मी फळ्याकडे वळले आणि ऐकलं तसं लिहू लागले. माझा हात लिहीत होता आणि अर्थ त्याच्या मागून येत होता. दुसऱ्या वाक्यात मला माझंच नाव लिहावं लागलं. तेव्हा मी थांबले आणि वळले, तर ती मान हलवत होती. लिहा. मी पुरं केलं.

आयुष्यभर मी बोलत आले. आज ‘तानीला विचारलंस का?’ एवढा एक प्रश्न विचारायला हवा होता आणि तो सुचला नाही.

तानी नेहमीसारखी उभी राहिली. हाताची घडी, वर्गातला मोठा आवाज. आता ती सुरुवात विसरत नाही. ती धडधड वाचत गेली.

“आमी चाललो. तू निर्मलाबाईंजवल राहा. गणूला नेतंय, त्याची कालजी करू नको. रडू नको. पुरा शिक.”

शेवटच्या शब्दापर्यंत तो धड्यातलाच आवाज होता. शब्द संपल्यावर तिने दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. खालच्या रस्त्यावर टेम्पोचा भोंगा वाजला आणि वर्गातली पोरं, जी रोज असं वाचून झालं की हसायची, ती माझ्याकडे बघू लागली.

ती रस्त्याकडे धावली नाही. मी पुढे झाले, तर अंग चोरून बाजूला झाली. माठापाशी जाऊन पाणी प्यायली. मग पडवीच्या टोकाला गेली, जिथे परवाची ओढ्याची माती ओल्या गोणपाटाखाली ठेवलेली आहे, आणि त्या ढिगाशेजारी बसून राहिली. मी वर्ग घेतला. काय शिकवलं ते सांगता येणार नाही. मधल्या सुट्टीत पाहिलं, तर तिने गोणपाट बाजूला करून मातीचा एक गोळा घेतला होता आणि दोन्ही हातांनी तो नुसता दाबत होती. वीट नव्हती, बैल नव्हता. काहीच नव्हतं.

नंतर तिने हात धुतले, दोनदा धुतले, आणि माझ्याकडे कागद मागितला. लिहिताना अक्षर कोणाला दिसू नये म्हणून पाटी आडवी धरून बसली. लिहून झाल्यावर कागदाची घडी करून माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, “बाई, हा आयला कोन वाचून दावंल?”

ती आत्ता माझ्या खोलीत चुलीपाशी आहे. तांदूळ निवडते आहे, कारण मी निवडते ते तिला आवडत नाही. वर्गात रागावते तशीच मी घरातही रागावणार, हे तिला ठाऊक आहे. माझ्या वयाला हे झेपेल का, मला ठाऊक नाही. झेपवायचं आहे.

सोबत तिचा कागद आहे. मी उघडलेला नाही. माझ्या स्वभावाला धरून नाही हे, पण उघडलेला नाही. फड आधी त्याच नदीकाठच्या भट्टीवर उतरणार आहे, पंधरवड्याने हलेल म्हणतात. तू त्याआधी जा. शाळा सुटल्यावर जा, रविवारची वाट बघू नकोस. तूही आधी वाचू नकोस. सरूसमोर उघड आणि जेवढं लिहिलं आहे तेवढंच वाच. शब्द चुकला असेल तर चुकलेलाच वाच. मी असते तर आधी चार वाक्यं बोलले असते. तू बोलू नकोस. नुसतं वाच.

वाचून झालं की कागद तिच्या हातात दे. हात गाऱ्याचे असतील, तर ती ते धुवून येईपर्यंत थांब.

निर्मला